विश्लेषण: भिवंडी महापालिकेत ‘ठराव मंजूर’ होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

जून २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात भिवंडीत एकही नगरसेवक पदावर नव्हता. तरीही भिवंडी-निजामपूर शहर महापालिकेच्या महासभेच्या अधिकारातले निर्णय होत राहिले. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ असे सलग तीन अर्थसंकल्प सभागृहाशिवाय मंजूर झाले. प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि त्याला मंजुरी देणारे प्रशासक ही एकच व्यक्ती होती.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. दुसऱ्या दिवशीच्या मतमोजणीतून भिवंडीला पुन्हा ९० नगरसेवक मिळाले. म्हणजे आता कर, कचरा, फेरीवाले, रस्ते अशा विषयांवर पुन्हा महासभेत हात वर होणार. पण त्या हातांमध्ये बळ किती असतं? ‘महासभेत मंजूर’ अशी पोस्ट मोबाइलवर आली की त्या क्षणी शहरात नक्की काय बदललेलं असतं? उत्तर बऱ्याचदा ‘अजून काहीच नाही’ असं असतं. ते का, हे समजून घेण्यासाठी सभागृह नव्हतं त्या काळापासून सुरुवात करावी लागेल.

सभागृह नसताना निर्णय कोण घेत होतं?

राज्यघटनेतलं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. भिवंडीत २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून २०२२ मध्ये संपली. निवडणूक मात्र झाली नाही. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि तिथेच रेंगाळला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत दिली, तेव्हा कुठे मतदान झालं.

भिवंडी यात एकटी नव्हती. शेजारच्या नवी मुंबईत मे २०२० पासून आणि कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक होते. अशा वेळी महासभेचे, स्थायी समितीचे आणि महापौरांचे अधिकार प्रशासकाकडे जातात. कागदोपत्री सगळी पायरी-पायरी पाळली जाते. खात्याकडून टिप्पणी येते, विषयाला क्रमांक मिळतो, ठराव लिहिला जातो. फक्त ‘हे का?’ असं विचारणारं समोर कोणी नसतं.

प्रशासकाच्या काळात कामं झटपट होतात, असं अनेकांना वाटतं आणि काही प्रमाणात ते खरंही आहे. भांडण नाही, सभात्याग नाही, कोरमअभावी तहकुबी नाही. पण मालमत्ता कराचा दर किंवा एखाद्या रस्त्याचं रुंदीकरण यांसारख्या गोष्टींत तो ‘का’ किती महागात पडू शकतो, हे पुढे दिसेल.

अध्यादेश, उपविधी, ठराव: तिन्ही एकच का?

नाही. ‘महापालिकेने अध्यादेश काढला’ हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. अध्यादेश राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात. महापालिकेकडे तो अधिकार नाही.

महापालिकेच्या हातात प्रामुख्याने दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे ठराव. एखादा खर्च, करार, कराचा दर, रस्त्याचं नाव यांना सभागृहाने दिलेली मंजुरी. दुसरी म्हणजे उपविधी, म्हणजे शहरापुरता लागू होणारा आणि मोडला तर दंड होऊ शकणारा नियम. खऱ्या अर्थाने ‘स्थानिक कायदा’ म्हणावा असं काही असेल तर ते हेच.

भिवंडीची महापालिका २००१ मध्ये स्थापन झाली. तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. या कायद्याचं कलम ४५८ वाचलं तर उपविधीच्या विषयांची यादी लांबलचक आहे. पण रस्ता सोपा नाही. मसुदा आयुक्तांनी सभागृहापुढे ठेवायचा, तो विचारात घेतला जाणार असल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची, मसुद्याची प्रत लोकांना पाहायला उपलब्ध ठेवायची, हरकती आणि सूचना ऐकायच्या, मग सभागृहाने मंजुरी द्यायची. एवढं होऊनही तो लागू होत नाही. शेवटची मान्यता राज्य सरकारची.

त्यामुळे स्वतःहून उपविधी करण्याचा उत्साह महापालिका फारसा दाखवत नाहीत. बऱ्याचदा ढकलणारा हात वरून येतो. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करायला सांगितलं. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानेही शुल्क आणि नियमनासाठी उपविधी करण्याची मुभा दिली. वरून आदर्श मसुदा येतो, शहराचं नाव घातलं जातं आणि तो सभागृहासमोर ठेवला जातो. यंत्रमागांच्या चिंध्या आणि धाग्यांचा कचरा रोज निर्माण करणाऱ्या शहराला दुसऱ्या कुठल्याही शहरासारखाच मसुदा कसा पुरेल, हा प्रश्न खरं तर सभागृहानेच विचारायचा असतो.

एका करवाढीचा प्रवास

समजा, प्रशासनाला पुढच्या वर्षीचा मालमत्ता कर वाढवायचा आहे. हेच उदाहरण घेण्याला कारण आहे. पूर्वी जकात होती, मग स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्याची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. त्यामुळे सभागृह स्वतः ठरवू शकेल असा मोठा कर आता मालमत्ता कर हाच उरला आहे.

प्रस्ताव सुरू होतो आयुक्तांकडून. तिथून तो जातो स्थायी समितीकडे. ही १६ सदस्यांची समिती, पक्षांच्या संख्याबळानुसार निवडलेली. ठरावीक रकमेपेक्षा मोठे करार हिच्या मंजुरीशिवाय होत नाहीत, म्हणून ‘तिजोरीच्या चाव्या स्थायीकडे’ असं म्हटलं जातं आणि म्हणूनच महापौरपदाखालोखाल चुरस स्थायीच्या सभापतिपदासाठी असते. करवाढीच्या बाबतीत मात्र स्थायी समिती फक्त शिफारस करते. दर ठरवण्याचा अधिकार महासभेचा. कायद्याचं कलम ९९ त्यासाठी तारीखही देतं: पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरले पाहिजेत.

इथे एक खाच आहे. कराचा दर महासभा ठरवते, पण त्या दराने गुणायचं करयोग्य मूल्य ठरवण्याचं काम प्रशासनाकडे असतं. दर तसाच ठेवून मूल्य वाढवलं तरी बिल वाढतंच. नाशिकमध्ये २०१८ मध्ये वाद पेटला तो इथेच. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी मूल्यांकनाचे दर वाढवले, मोकळ्या जमिनीही त्यात आल्या. सभागृह विरोधात गेलं, प्रकरण आयुक्तांवरच्या अविश्वास ठरावापर्यंत पोहोचलं. वाढीत काही कपात झाली आणि ठराव मागे घेतला गेला. ‘अधिकार कोणाचा’ हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने सोडवला.

आणखी एक गोष्ट बिलावर नीट पाहिली तर दिसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे आहेत, महापालिका ते फक्त वसूल करते. सभागृहाने कितीही ठराव केले तरी ते कमी होत नाहीत. ‘मुंबईसारखी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी द्या’ ही मागणीही अशीच. मुंबईत ती २०२२ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने मिळाली, नगरसेवकांच्या केवळ हात वर करण्याने नाही.

महासभेत प्रत्यक्षात काय चालतं?

नियम साधे आहेत. महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा. सात दिवस आधी नोटीस आणि विषयपत्रिका. एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश गणपूर्ती, म्हणजे भिवंडीत ३० जण. अध्यक्षस्थानी महापौर, समसमान मतं पडली तर त्यांचं निर्णायक मत. स्वीकृत सदस्य बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने ९० पैकी किमान ४५ महिला सभागृहात असतात.

विषय पुकारला की आधी प्रशासनाची टिप्पणी येते, मग कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक. त्यानंतर चार वाटा असतात. विषय मंजूर होतो. ‘उपसूचनेसह’ मंजूर होतो. तहकूब होतो, म्हणजे पुढच्या सभेपर्यंत लांबतो. किंवा ‘दफ्तरी दाखल’ होतो, म्हणजे सन्मानाने कपाटात जातो.

यातली उपसूचना सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची. मूळ प्रस्तावात एका रस्त्याचं नाव असतं, उपसूचनेने आणखी चार जोडले जातात. करवाढीचा प्रस्ताव उपसूचनेमुळे ‘फक्त व्यावसायिक मालमत्तांसाठी’ असा होऊ शकतो. बातमीत मात्र ‘प्रस्ताव मंजूर’ इतकंच येतं. म्हणून ठराव पाहायचा तर मथळा नव्हे, उपसूचनेसकट अंतिम मजकूर पाहावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे आयत्या वेळचे विषय. तातडीच्या कामासाठी ही सोय आहे. पण विषयपत्रिकेवर नसलेला विषय सभेच्या शेवटी, निम्मे सदस्य उठून गेल्यावर येतो, कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं आणि पाच मिनिटांत ठराव होतो, ही तक्रार राज्यातल्या जवळपास प्रत्येक महापालिकेत ऐकू येते. सात दिवसांची नोटीस कायद्यात आहे ती नगरसेवकाला वाचायला आणि त्याच्या प्रभागातल्या माणसाला त्याला गाठायला वेळ मिळावा म्हणून. आयत्या वेळच्या विषयात तो वेळच गायब होतो.

गोंधळाचीही एक उपयुक्तता असते, हे सांगायला हवं. घोषणा सुरू झाल्या, कोणी महापौरांच्या आसनासमोर गेलं की सभागृहाचे व्हिडिओ फिरतात आणि लोक म्हणतात, ‘यांना भांडायलाच निवडून दिलंय का?’ अशा गोंधळात नेमका कोणता विषय आवाजी मंजूर झाला, हे मात्र त्या व्हिडिओत नसतं. नगरसेवकांनी पोल मागितला तर कोणी कुठल्या बाजूने मत दिलं हे नावानिशी नोंदलं जातं. तो मागितला जातो का, यावरून विरोध किती खरा आहे ते बऱ्यापैकी कळतं.

मंजूर झालं, मग पुढे?

ठराव मंजूर झाला की तो अंमलबजावणीसाठी आयुक्तांकडे जातो. आयुक्त राज्य सरकारने नेमलेले असतात. महापौरांकडे सभा चालवण्याचा मान आहे, कार्यकारी अधिकार जवळपास नाहीत. हे न कळल्यामुळे खड्ड्यापासून पाणीटंचाईपर्यंत सगळ्याचा राग महापौरांवर निघतो.

ठराव कायद्याच्या विरोधात आहे किंवा महापालिकेच्या हिताचा नाही, असं प्रशासनाला वाटलं तर तो राज्य सरकारकडे पाठवला जातो. कलम ४५१ नुसार सरकार ठराव निलंबित करू शकतं आणि पुढे कायमचा रद्दही करू शकतं. सरकारी भाषेत याला ‘ठराव विखंडित करणे’ म्हणतात.

या कलमाची ताकद नवी मुंबईने २०१६ मध्ये अनुभवली. आयुक्तांना परत पाठवायचं असेल तर एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश मतं लागतात. भिवंडीत हा आकडा ५७ होतो. नवी मुंबईत त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंढे यांच्या विरोधातला अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ अशा मतांनी मंजूर झाला. लागणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही राज्य सरकारने तो ठराव रोखला आणि मुंढे पुढचे काही महिने पदावर राहिले. ते योग्य होतं की अयोग्य, यावर आजही दोन मतं आहेत. सभागृहाच्या जवळपास एकमुखी निर्णयालाही मंत्रालयातून थांबवता येतं, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

भिवंडीचं ९० जणांचं गणित

ठराव होण्यासाठी हातांची मोजणी लागते आणि भिवंडीत ती नेहमीच सरळ नसते. २०१७ मध्ये काँग्रेसला ९० पैकी ४७ जागा मिळाल्या होत्या. स्वबळावर बहुमत. पण अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली तेव्हा फक्त चार नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ विरुद्ध ४१ मतांनी निवडून आल्या. काँग्रेसच्या १८ नगरसेवकांनी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मतदान केलं होतं.

हे मतदान गुप्त नसतं, हात वर करून होतं. १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा स्थानिक संस्थांनाही लागू आहे आणि पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण तक्रार, सुनावणी, अपील, न्यायालय यांत वर्षं जातात आणि सभागृहाची मुदत पाचच वर्षांची. तोवर त्याच हातांनी ठराव होत राहतात.

२०२६ च्या निकालात काँग्रेस पुन्हा सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण ४६ चा आकडा कोणालाच एकट्याने गाठता आला नाही. अशा सभागृहात लहान गटांची किंमत वाढते. त्याची एक बाजू अशी की प्रत्येक मोठ्या ठरावासाठी कोणाला तरी समजवावं लागतं, चर्चा टाळता येत नाही. दुसरी बाजू अशी की ती चर्चा सभागृहाबाहेर, बंद खोलीत होऊन सभेत नुसते हात वर होऊ शकतात. पुढची पाच वर्षं यांतलं काय जास्त दिसतं, त्यावर विषयपत्रिकेचं भवितव्य ठरेल.

जे सभागृहाच्या हातातच नाही

भिवंडीत सर्वांत जास्त बोललं जातं ते विजेच्या बिलाबद्दल. यंत्रमागधारकांसाठी तर तो जगण्याचा प्रश्न आहे. २००७ पासून शहरातलं वीजवितरण महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवरकडे आहे. महासभेने याविरुद्ध ठराव केला तरी तो फक्त एक मागणी असते. वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो.

बांधकामाचे नियमही तसेच. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किती मजले, किती चटईक्षेत्र, किती मोकळी जागा, हे मुंबई आणि काही अपवाद वगळता सगळ्या शहरांसाठी एकाच पुस्तकात आहे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक लोक दगावले. धोकादायक इमारतीला नोटीस देणं, ती रिकामी करून घेणं हे काम आयुक्तांच्या अधिकारातलं आहे, सभागृहाच्या नाही. मग सभागृहाचा उपयोग काय? नोटीस दिली तर पुढे काय केलं, रिकामी केलेल्या कुटुंबांची सोय कुठे, अशा इमारतींची यादी शेवटची कधी तपासली, हे प्रश्न नगरसेवक लेखी विचारू शकतात आणि उत्तर नोंदीवर येतं. २०२२ ते २०२६ या काळात सभागृहात असा एकही प्रश्न विचारला जाऊ शकला नाही.

गोदामांची गोष्ट आणखी वेगळी. ऑनलाइन खरेदीचं पार्सल ‘भिवंडी हब’ला पोहोचल्याचा मेसेज येतो, तेव्हा ते माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ अशा एखाद्या गावाच्या परिसरात असण्याची शक्यता मोठी. ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत आणि तिथलं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. त्या गोदामांचा कर महापालिकेला मिळत नाही आणि तिथल्या ट्रकच्या कोंडीवर भिवंडीची महासभा नियम करू शकत नाही. सुमारे २६ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ७ लाख ९ हजार ६६५ लोक राहतात. एवढ्याच जागेवर तिचा अधिकार.

सामान्य माणूस यात कुठे येतो?

महासभा लोकांसाठी खुली असते. बहुसंख्य सदस्यांनी बंद ठेवायचं ठरवलं तरच दार बंद होतं. उपविधीच्या मसुद्यावर हरकत घ्यायला नगरसेवक असावं लागत नाही, वकीलही लागत नाही. मुदतीत लेखी अर्ज आणि पोचपावती पुरते. सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं आणि त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मिळू शकते. प्रभागांसाठी क्षेत्रसभा घेण्याची तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे. बहुतेक शहरांत ती तिथेच राहिली.

अडचण भाषेचीही आहे. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. कामकाजाची भाषा मराठी आणि २०२२ च्या राजभाषा कायद्याने स्थानिक संस्थांसाठी ती बंधनकारकही केली. पण ज्याच्या दुकानावर किंवा कारखान्यावर नवा नियम लागू होणार, त्याला सूचना वाचता यावी यासाठी दुसऱ्या भाषेत माहिती द्यायला मनाई नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असावी का, यावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथल्या सभागृहाने उर्दू ठेवण्याचा ठराव बहुमताने केला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मराठीसोबत उर्दू वापरायला कायद्याची आडकाठी नाही, असा निकाल दिला. भिवंडीत हरकती-सूचनांची नोटीस उर्दूतही लावायची असेल, तर त्यासाठी एका सूचकाची, एका अनुमोदकाची आणि बहुमताची गरज आहे.